पूर्वेच्या गॅलरीचं कुलूप : क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : फुटबॉल मैदानाची पूर्वेची गॅलरी प्रेक्षकांना बंद केल्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावचा फुटबॉल प्रेक्षक. पोटासाठी फौंड्रीत मोल्डिंगला आहे. पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि सामना चारला सुरू होतो. त्या अर्ध्या तासात हातावरची काळी माती धुऊन, आधी सायकल आणि आता मोटारसायकल दामटत मी सव्वीस वर्षं एकाच जागी पोचत आलो आहे. आमच्या मैदानाची पूर्वेची गॅलरी, खालून सातवी पायरी. माझ्या आधी तिथं माझे वडील बसायचे. त्या पायरीचा कोपरा उडालाय, आतली सळई दिसते आणि तिच्यावर गंज चढलाय. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात काही लपवायचं नाही.

या हंगामात पहिल्या सामन्याला गेलो तेव्हा पूर्वेच्या फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. वर फ्लेक्स होता : ‘ही गॅलरी प्रेक्षकांसाठी बंद आहे. आदेशावरून.’ आदेश कुणाचा, ते नव्हतं. तारीख नव्हती, सही नव्हती, कधी उघडणार तेही नव्हतं.

क्लबचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम घालत नाही. त्या क्लबच्या जर्सीवर आमचा जीव आहे. चार लोकांत त्याची अब्रू काढायची नाही, गॅलरी उघडायची आहे. आणि असं कुलूप फक्त आमच्याच मैदानावर लागतं असंही नाही, म्हणून पत्र खुलं लिहितोय.

पूर्वेची गॅलरी म्हणजे काय, ते मंत्रालयातून दिसणार नाही, म्हणून सांगतो. चार वाजता सूर्य पश्चिमेला कलतो. पश्चिमेच्या पॅव्हेलियनवर पत्र्याचं छत आहे, तिथं सावली आणि खुर्च्या. पूर्वेला बसलेल्याच्या थेट डोळ्यांवर ऊन येतं. म्हणून आमचं तिकीट वीस रुपये आणि त्यांचं शंभर. पहिला हाफ आम्ही कपाळावर हात धरूनच बघतो. कुणी डोक्यावर टॉवेल घेतो, कुणी वर्तमानपत्राची टोपी करतो. दुसऱ्या हाफमध्ये पॅव्हेलियनची सावली पायरी-पायरीनं वर चढते आणि मग चेहरे दिसायला लागतात. तिथं हमाल आहेत, गवंडी आहेत, भाजी विकून आलेली माणसं आहेत, शाळेची पोरं दप्तरासकट असतात. मागच्या गल्लीतल्या आठ-दहा बायका डब्यात भडंग घेऊन एका कोपऱ्यात बसतात आणि ऑफसाइड पंचांच्या आधी ओरडतात. आमच्याकडं बाईमाणूस मैदानावर यायला किती वर्षं गेली, ते तुम्हाला माहीत असेल. त्या कोपऱ्यात त्यांना कुणी धक्का मारत नव्हतं, कारण सगळी गॅलरी त्यांना नावानं ओळखत होती. यंदा त्यांच्यातली एकही मैदानावर दिसली नाही.

मग ही माणसं गेली कुठं? थोड्यांनी शंभर रुपये मोजले. घरातले तिघं असतील तर तीनशे, म्हणजे महिन्यातून एकदाच. थोडी गोलपोस्टच्या मागं जाळीला चिकटून उभी राहतात. आणि बरीच पोरं मैदानाबाहेर पाण्याच्या टाकीवर नाहीतर भिंतीवर चढतात. उपांत्य सामन्याला त्या भिंतीवर मी एका ओळीत चाळीस पोरं मोजली. भिंत एका विटेची आहे. महोदय, धोका टाळायला गॅलरी बंद केली असेल, तर तो धोका भिंतीवर जाऊन बसलाय.

कारण काय, हे आम्ही विचारलं. डिसेंबरात सांगितलं, पायऱ्या धोकादायक झाल्यात. जानेवारीत सांगितलं, गेल्या हंगामात हुल्लड झाली म्हणून. आणि फायनलला त्याच गॅलरीच्या मधल्या भागात मंडप पडला, पुरस्कर्त्यांच्या पाहुण्यांसाठी सोफे लागले, कूलर लागले. जी पायरी माझं ओझं पेलत नाही ती सोफ्याचं कसं पेलते, हे मी तिथल्या पदाधिकाऱ्यांना विचारलं. ‘तुम्ही राजकारण करू नका,’ एवढंच उत्तर मिळालं. जागा नगरपालिकेची, क्लबकडे भाडेपट्ट्यानं. माहिती अधिकारात स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितला, तर ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही’ असं पत्र आलं.

हुल्लडीबद्दल आम्ही तोंड लपवणार नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलची ती जुनी दुखरी जागा आहे. हा खेळ इथं तालमींतून आणि पेठांतून वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस : या संघांची नुसती नावं घेतली तरी माणसं दोन बाजूंना होतात. शाहू स्टेडियमवर ही ईर्ष्या बघायला लोक वाकडी वाट करून येतात, आणि त्याच ईर्ष्येपायी बाटल्या उडाल्यात, दगड आलेत, सामने थांबलेत, हेही खरं. आमच्या गॅलरीतूनही गेल्या वर्षी बाटल्या गेल्या. कुणी टाकल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे, पाच-सहा पोरं होती. एकाच्या थोबाडीत त्याच्या सख्ख्या चुलत्यानं तिथंच ठेवून दिली. पोलिसांनी त्या पोरांना हंगामभर मैदानाची बंदी घातली असती, तर पूर्वेच्या गॅलरीनं टाळ्या वाजवल्या असत्या. घडलं उलटंच. ती पोरं आज शंभराचं तिकीट काढून पॅव्हेलियनमध्ये बसतात आणि भडंगवाल्या बायका घरी आहेत.

गॅलरी बंद करूच नये, असं माझं म्हणणं नाही. जर्मनीत डॉर्टमुंडच्या मैदानावर दक्षिणेची एक उभी गॅलरी आहे, तिला पिवळी भिंत म्हणतात. सुमारे साडेचोवीस हजार माणसं तिथं उभी राहून सामना बघतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये लाइपझिगविरुद्धच्या सामन्यात तिथं आक्षेपार्ह फलक लागले, मैदानाबाहेर पाहुण्या समर्थकांवर हल्ले झाले. जर्मन फुटबॉल संघटनेनं क्लबला एक लाख युरो दंड केला आणि ती अख्खी गॅलरी बंद ठेवायला लावली. पण एका सामन्यासाठी. १८ फेब्रुवारीला वोल्फ्सबुर्गविरुद्ध ती रिकामी राहिली आणि पुढच्या घरच्या सामन्याला परत उघडली. पाच-पन्नासांच्या गुन्ह्याची शिक्षा चोवीस हजारांना का, म्हणून तिथंही लोक चिडले, आणि माझ्या मते त्यांचं चिडणं बरोबर होतं. तरी आदेश कुणाचा, कशासाठी आणि किती दिवसांचा, हे तिथल्या शेवटच्या माणसालाही माहीत होतं.

आपल्या देशातलंच बघा. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा कोचीच्या कलूर स्टेडियमची प्रेक्षकसंख्या सुरक्षेसाठी २९,००० वर आणली. वरच्या मजल्यावरून माणसं वेळेत बाहेर पडू शकत नाहीत, हे कारण होतं. केरळातला माणूस फुटबॉलसाठी काय जीव टाकतो! हजारोंची तिकिटं हुकली. पण कारण मोजून मापून काढलेलं होतं, आणि ते लोकांपुढं ठेवलेलं होतं.

सुरक्षेला कमी लेखणारा माणूस फुटबॉलचा प्रेक्षकच नव्हे. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात १६ प्रेक्षक गेले. सामना बघायला घरातून निघालेली माणसं परत आली नाहीत. ४ जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या फाटकांबाहेर चेंगरून ११ जण गेले. तिथं कुठली गॅलरी कोसळली नव्हती. फाटकांवरची गर्दी आवरली नाही, आणि माणसं गेली. आमच्याकडं आता सगळी गर्दी पश्चिमेच्या एकाच फाटकातून आत-बाहेर होते, कारण पूर्वेचं फाटकही गॅलरीबरोबर बंद झालंय. फायनल संपल्यावर त्या फाटकात मी माझ्या पोराला खांद्यावर घेतलं. नऊ वर्षांचा आहे, खांद्यावर घेण्याएवढा लहान राहिलेला नाही. पण खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

तुम्हाला अंधेरीची ती दोन सामन्यांची गोष्ट आठवत असेल. १ जून २०१८ ला मुंबई फुटबॉल अरेनावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, कप्तान सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली, आणि बघायला होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी देशाच्या कप्तानानं व्हिडिओ करून हात जोडले : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात ते मैदान भरलं. आम्ही गावातले सहाजण रात्रीच्या गाडीनं गेलो होतो. भिजून चिंब झालो, तिसरा गोल झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. मी हे लिहितोय, कारण आमच्या गावात कप्तानाला कधी हात जोडावे लागले नाहीत. इथं माणसं स्वतःहून येतात, ऊन डोळ्यांवर घेऊन बसतात.

शासन फुटबॉलसाठी काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. २०१७ ला दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ‘मिशन वन मिलियन’ झालं, माझ्या पुतण्याच्या शाळेतही चेंडू आले होते. त्याच वर्षीच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि पेठापेठांत पेढे वाटले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, त्याच्यासमोर मुलांच्या प्रशिक्षणाची योजना जाहीर झाली. त्या मुलांचं भलं होवो. पण ती मुलं फुटबॉलकडं वळतात कुठून? आमच्याकडं तरी वीस रुपयांच्या पायरीवरून. बापाच्या मांडीवर बसून, सोळा नंबरच्या जर्सीवाल्याचं नाव पाठ करत. माझ्या पोरानं यंदाचा निम्मा हंगाम जाळीतून बघितला. समोर मोठी माणसं असली की त्याला फक्त आवाज ऐकू येतो.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभियंता पाठवून पूर्वेच्या गॅलरीची तपासणी करा आणि अहवाल फाटकावर लावा, मराठीत. गॅलरी खरोखर धोक्याची निघाली, तर आम्ही शब्द काढणार नाही. मग जिल्हा नियोजन समितीतून दुरुस्तीला पैसे द्या आणि काम कधी पुरं होणार ती तारीख त्याच कागदावर लिहा. तोपर्यंत पश्चिमेला वीस रुपयांच्या काही रांगा राखून ठेवायला सांगा. पूर्वेचं फाटक निदान बाहेर पडायला उघडं ठेवायला लावा, यासाठी तर पैसाही लागत नाही. आणि गॅलरी धड निघाली, तर कुलूप काढायचे आदेश द्या.

यापुढं सरकारी किंवा नगरपालिकेच्या जागेवरचं कुठलंही मैदान प्रेक्षकांना बंद करायचं असेल, तर कारण, सही आणि मुदत या तीन गोष्टी लेखी लावल्याशिवाय ते बंद करता येऊ नये, असं एक परिपत्रक तुमच्या खात्यानं काढावं. हुल्लड करणाऱ्याला नावानिशी बंदी घालायची तरतूदही त्यातच करा. नावं द्यायला गॅलरीतली जाणती माणसं पुढं येतील, मी स्वतः येईन.

आमच्या बाजूनं काय करणार, तेही लिहितो. गॅलरीत बसणाऱ्यांची आम्ही गेल्या रविवारी बैठक घेतली. आमच्यात नऊ गवंडी आहेत, दोन वेल्डर आहेत. अभियंत्यानं काय करायचं ते आखून दिलं, तर मजुरी आम्ही घेणार नाही. सिमेंट आणि सळई तेवढी शासनानं द्यावी. प्रत्येक सामन्याला वीस स्वयंसेवक पट्टा लावून पायऱ्यांवर उभे राहतील, त्यांची यादी तयार आहे. बाटली आत येणार नाही, ती जबाबदारी आमची.

पावसाळ्यात मैदान रिकामं असतं, काम तेव्हाच उरकता येईल. पुढचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. अभियंता कोणत्या दिवशी येणार, तेवढं आधी कळवा. रविवार नसला तरी मी रजा टाकून फाटकापाशी थांबेन आणि सातव्या पायरीवरची ती सळई त्यांना पहिल्यांदा दाखवेन.

आपला,
पूर्वेच्या गॅलरीतला एक प्रेक्षक