पुलावरचा अपघात तासाभरात पुसला जातो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या नवले पुलावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशी उताराची, ब्रेकची आणि न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्या चालकांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण अपघातानंतरच्या पहिल्या तासाबद्दल फार कमी लिहिलं जातं. पुलावर गाडी बाजूला घ्यायला जागा नसते, मागे रांग वाढत जाते, म्हणून क्रेन येते, गाड्या उचलतात, काचा झाडून टाकतात. वाहतूक सुरू करणं भागच असतं. पण त्या काचांबरोबर जखमी माणसाच्या भरपाईचा पुरावाही झाडला जातो.

आधी जिवाचं. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तरी चाळीस मीटर संपतात, आणि कोरड्या रस्त्यावरही पुढे थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर लागतात. म्हणजे गाडीमागे वीस पावलांवर ठेवलेल्या लाल त्रिकोणाचा काही उपयोग नाही. तो किमान शंभर मीटर मागे हवा. आपत्कालीन मार्गिका असेल तरच कठड्याला लागून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत जाऊन तो ठेवावा. मार्गिका नसेल तर त्रिकोणाचा नाद सोडावा, चारही इंडिकेटर लावावेत.

गाडी चालत असेल आणि कुणाला इजा नसेल, तर दोन-चार फोटो काढून ती हळू पुलाखाली न्यावी. चालत नसेल तर डाव्या दारानं उतरून कठड्याशी, गाडीपासून बऱ्याच अंतरावर मागच्या बाजूला उभं राहावं. गाडीच्या पुढे कधीच नाही, कारण मागून धडक बसली की ती पुढेच ढकलली जाते. गाडी मधल्या मार्गिकेत अडकली असेल आणि दोन्हीकडून वाहनं जात असतील, तर पट्टा लावून आत बसणं बरं. धूर किंवा इंधनाचा वास आला तर मात्र बाहेर पडायलाच हवं. एअरबॅग उघडल्यावर उडणारी पांढरी पूड म्हणजे धूर नव्हे, तिला घाबरून रस्त्यात उडी मारू नये. आणि रात्री दुभाजक ओलांडून पलीकडे जाण्याचा विचार मनातही आणू नये. अनेक पुलांच्या दोन बाजू वेगवेगळ्या बांधलेल्या असतात, मधे मोकळी फट असते, आणि अंधारात ती दिसत नाही.

११२ किंवा १०८ ला फोन करताना नुसतं ‘पुलावर’ म्हणू नये. कोणत्या दिशेची बाजू, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर किंवा किलोमीटरचा आकडा सांगावा. चुकीच्या बाजूनं निघालेल्या रुग्णवाहिकेला पुलाच्या टोकापर्यंत जाऊन वळून यावं लागतं, २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर याचा अर्थ काय, ते मुंबईला त्या वाटेनं जाणाऱ्या पुणेकरांना सांगायला नको.

आता पुरावा. फोटो दोन प्रकारचे हवेत. लांबून, ज्यात खांबाचा नंबर आणि सगळ्या गाड्यांची जागा येते. आणि जवळून, ज्यात टायरच्या खुणा, कठड्यावरचा ओरखडा, पुलाचा सांधा, साचलेलं पाणी आणि पाणी वाहून जाण्याचं तुंबलेलं भोक येतं. मडगार्डखालची माती आणि काचा कुठे पडल्या तेही टिपावं. धडकेची जागा बहुतेक वेळा तीच असते. नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी झाला तसा साखळी अपघात असेल, तर आपल्याला पहिला धक्का मागून बसला की पुढून, आणि एकूण किती बसले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. आधी मागून आणि मग पुढून, याचा अर्थ बहुधा आपण ढकलले गेलो. जोरात ब्रेक मारलेल्या गाडीचं नाक खाली झुकतं, त्यामुळे ती पुढच्या गाडीला नेहमीपेक्षा खाली धडकते. विमा कंपनीचे सर्वेक्षक हेच पाहतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं चालकाचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर आला तर कायदा त्याला तिथून निघण्याची सूट देतो, पण २४ तासांच्या आत पोलिसांना कळवण्यातून नाही. मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळतात. दाखल करतानाच रुग्णालयाला या योजनेबद्दल सांगावं.

मोठ्या पुलाची दोन टोकं दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत असतात आणि नातेवाइकांना ‘आमच्याकडे येत नाही’ हे ऐकावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. अपघात अटल सेतूवर झाला तरी भरपाईसाठी मुंबईच्या चकरा मारायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्जदार राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे पुण्यात, दावा दाखल करता येतो. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, हे मात्र फार जणांना उशिरा कळतं. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्यावी.

कठडा तुटला म्हणून कुणी जागेवर पैसे मागितले तर रोख देऊ नयेत. लेखी अंदाजपत्रक मागून विमा कंपनीकडे द्यावं. खासगी मोटारीच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. ‘आपसात मिटवलं’ अशा चिठ्ठीवर पुलावर उभं राहून सही तर मुळीच करू नये. मानेची आणि पोटातली दुखापत कित्येकदा दुसऱ्या दिवशी समजते.

दोष नेहमी चालकाचाच असतो असंही नाही. तुंबलेली भोकं, वर आलेला सांधा, बंद दिवे यांमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. रक्कम तोकडी आहे, पण हे कलम लावायलाही त्या दिवशीचा फोटो लागतो.

सगळ्यात लवकर नाहीसं होतं ते कॅमेऱ्याचं चित्रण, कारण जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच, वेळ आणि खांबाचा नंबर घालून, चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पोलीस आणि पुलाची यंत्रणा या दोघांकडे द्यावा, पोच घ्यावी, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून चालावं यासाठीचं, प्रमाणपत्रही मागावं. जखमीचे नातेवाईक त्या वेळी अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले असतात. त्यांच्याकडून हा अर्ज होणं अवघडच. गंभीर अपघाताचं चित्रण सहा महिने, दावा दाखल करण्याची मुदत संपेपर्यंत, यंत्रणेनं आपणहून राखून ठेवावं आणि पुण्यातल्या प्रत्येक उड्डाणपुलावर दर खांबाला दुरून वाचता येईल असा नंबर रंगवावा, एवढी मागणी महापालिका आणि महामार्ग प्राधिकरणाकडे आहे.

आपला,
मोटार अपघात दाव्यांचं काम करणारा एक वाचक, पुणे