लेखनिक दहावीत मिळतो, आठवी-नववीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या निकालानंतर आपल्या अंकात शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांची भली मोठी यादी आली. पाठोपाठ अभिनंदनाच्या जाहिराती आल्या, सोलापुरात सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत फलकही लागले. पुढच्या वर्षी त्या यादीत आणखी दोन आकडे छापावेत, अशी माझी विनंती आहे. दहावीला बसलेली ही तुकडी दोन वर्षांपूर्वी आठवीत असताना पटावर किती मुले होती? आणि मधल्या काळात किती जणांना, विशेषतः दिव्यांग मुलांना, दाखला काढून १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा, फॉर्म भरायला सांगितले गेले?

मी पूर्व भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक होते, आता निवृत्त आहे. शाळेचे नाव लिहीत नाही. दुसऱ्या शाळांच्या लिपिकांशी बोलले तरी हेच ऐकायला मिळते. बोर्डाचे फॉर्म, यू-डायसची (शाळांच्या देशपातळीवरच्या नोंदणीची) माहिती, सरल या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीमधल्या नोंदी, शिष्यवृत्त्या, दाखले हे सगळे आमच्याच टेबलावरून जाते. त्यामुळे शाळेत विशेष गरजा असलेली मुले कोणकोण आहेत हे नेमके ठाऊक असते ते लिपिकाला. यू-डायसमधला तो रकाना भरावाच लागतो ना! वर्गशिक्षकांना ते कळते बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास. “अमक्याला लेखनिक लागतो म्हणे?” असे विचारत ते कार्यालयात येतात. (लेखनिक म्हणजे परीक्षेत मुलाने तोंडी सांगितलेले उत्तर लिहून देणारा.) तो अमका जूनपासून त्यांच्याच वर्गात बसलेला असतो.

१७ नंबरचा फॉर्म मुळात शाळा सुटलेल्यांसाठी आहे. लवकर लग्न झालेली मुलगी, कामाला लागलेला मुलगा, अशांना खाजगीरीत्या दहावी करता यावी म्हणून. पण नववीच्या निकालानंतर एखाद्या आईला कार्यालयात बोलावून “याला इथं झेपणार नाही, बाहेरून बसवा” असे समजावतानाही तोच फॉर्म पुढे केला जातो. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण म्हणून ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाते. ते खोटे ठरवता येत नाही, कारण अर्जावर आईची सही किंवा अंगठा असतोच.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमता (समज असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणे) व स्वमग्नताही (ऑटिझम) आहे. सर्व मुलांना भेदभाव न करता प्रवेश, गरजेप्रमाणे सोयी आणि वैयक्तिक आधार देण्याची जबाबदारी कलम १६ प्रमाणे शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक संस्थेवर आहे. म्हणजे “आम्ही स्वयंअर्थसहाय्यित आहोत” हे उत्तर चालत नाही. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, हे मुलाच्या बाजूने ठरवायचे आहे, मुख्याध्यापकांनी नव्हे.

गाडी अडते ती आठवीनंतर. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये त्याच्या अनुसूचीत विशेष शिक्षकांचे प्रमाण घातले: पाचवीपर्यंत १० मुलांमागे एक, सहावी ते आठवी १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदे मंजूर करून भरायला पुन्हा बजावले. पण त्या तक्त्यात नववी-दहावी येत नाही. समग्र शिक्षा ही केंद्राची शालेय शिक्षणाची योजना २०१८ पासून बारावीपर्यंत आहे, त्यात दर दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आणि मुलींना दरमहा २०० रुपये, असे १० महिने, हेही आहे. कागदावर साखळी तुटत नाही. प्रत्यक्षात तालुक्याच्या गट साधन केंद्रातले फिरते विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेले, एकेकाकडे कितीतरी शाळा, आणि त्यांचा सगळा वेळ प्राथमिक शाळांत जातो. माध्यमिक शाळेत ते येतात, रजिस्टरवर सही करतात, चहा घेऊन पुढच्या शाळेला जातात. मी त्यांना दोष देत नाही, दिवस तेवढाच असतो. (त्या २०० रुपयांचे म्हणाल तर, खात्याला आधार जोडलेले नाही म्हणून ते किती मुलींना मिळतच नाहीत, हे कुठल्याही शाळेच्या लिपिकाला विचारा.)

आता आपल्या सोलापूरची म्हणून एक अडचण सांगते. इथे घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, असे मूल दर बाकावर सापडते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड. त्यामुळे मुलगा वाचताना अडखळला, जोडाक्षरे खाल्ली, ‘ब’चा ‘व’ केला की शिक्षकांचे उत्तर तयार असते: “घरी तेलुगू बोलतात हो.” पुष्कळदा ते खरेही असते. पण घरच्या भाषेमुळे मागे पडलेले मूल चार-पाच वर्षांत वर येते, तशी शेजारच्या बाकावरची मुले आलेलीच असतात. आठवीत पोचूनही जो एक ओळ बोटाने रेटत वाचतो, आणि तोंडी विचारले तर इतिहासाचा धडा कारणांसकट सांगतो, त्याची अडचण भाषेची नसते. विडी वळणारी एक आई मला म्हणाली होती, “बाई, पोरगं तोंडानं सगळं सांगतंय की. लिहायला बसलं की हात आडतोय.” तिला अध्ययन अक्षमता हा शब्द ठाऊक नव्हता, पण निदान तिने केले होते. ते कोणीतरी लिहून घ्यायला हवे होते, एवढेच.

लिहून घेण्याचे वयही ठरलेले आहे. केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र ८ वर्षांनंतर मिळते आणि पुन्हा १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते. चौदावे वर्ष म्हणजे नेमकी आठवी-नववी. प्राथमिक शाळेतून जुने प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलालाही माध्यमिक शाळेत आल्यावर पुन्हा तपासायचे आहे, हे किती शाळांच्या वार्षिक नियोजनात आहे? दहावीच्या नोव्हेंबरात प्रमाणपत्राची शोधाशोध सुरू होते आणि मग करमाळ्याची किंवा माळशिरसची आई मजुरी बुडवून शंभराहून जास्त किलोमीटर सोलापूरला येते. तपासणी एका बैठकीत संपत नाही, म्हणून ती पुन्हा येते. तोवर फॉर्मची मुदत गेलेली असते किंवा विलंब शुल्क लागलेले असते.

समजा, सगळे वेळेत झाले. मग मुलाला बोर्डाकडून काय मिळते? लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. सवलत चांगलीच आहे. पण ज्याने कधी कोणाला उत्तर तोंडी सांगून लिहून घेतले नाही, त्याला बोर्डाच्या परीक्षेत एकदम अनोळखी नववीचा मुलगा शेजारी बसवून देणे म्हणजे काय, याचा विचार करा. सांगायचे कसे, कुठे थांबायचे, भूमितीची आकृती बोलून कशी काढून घ्यायची, खोडायला कसे सांगायचे, ही सगळी सवयीची गोष्ट आहे. मी पर्यवेक्षकांच्या खोलीत पेपरांचे गठ्ठे आवरताना पाहिले आहे, अशी मुले जादा तासात नुसती बसून राहतात. जे येत होते ते सांगता आले नाही, आणि वेळ मात्र भरपूर.

नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून लेखनिक द्या. याला कोणाची मंजुरी लागत नाही, शाळेच्या परीक्षा शाळाच घेते. लेखनिक म्हणून आठवीतल्या दोन-तीन समजूतदार मुलांना तयार करा. त्यांचाही अभ्यास होतो, आणि पुढच्या वर्षी हीच जोडी बोर्डालाही चालते, कारण लेखनिक खालच्या इयत्तेचाच असावा लागतो.

गणिताच्या सवलतीबद्दल मात्र मला शाळांचा राग येतो. अध्ययन अक्षम मुलांना गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची मुभा आहे. ती निकालासाठी सोयीची, म्हणून काही ठिकाणी पालकांपुढे थेट सहीचा कागद ठेवतात. गणित सोडले तर अकरावीला आणि डिप्लोमाला पुढे कोणते प्रवेश अवघड होतात, हे सही घेण्याआधी सांगायला हवे. ज्याला खरोखर अंकच कळत नाहीत त्याने ती सवलत जरूर घ्यावी. पण ज्याला आकडे कळतात आणि फक्त शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही, त्याला उदाहरण वाचून दाखवणारा माणूस हवा आहे.

इमारतींविषयी फार लिहीत नाही. उतार (रॅम्प) बहुतेक शाळांत झाले, तपासणीत विचारतात म्हणून झाले. एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी लागते हे गवंड्याला कोणी सांगितले नाही, त्यामुळे काही उतार चढायला धडधाकट माणसाचीही दमछाक होते, आणि शिक्षकांच्या दुचाकी लावायला मात्र ते उत्तम. पण पहिल्या मजल्यावरचा दहावीचा वर्ग तळमजल्यावर आणायला तर एक रुपया लागत नाही! कुबड्या घेऊन जिना चढणारी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, कारण खाली स्वच्छतागृहात जाऊन परत वर यावे लागते. सोलापूरच्या उन्हात. तसेच कमी ऐकू येणाऱ्या मुलाकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, ही सूचना शिक्षकांच्या सभेत एकदा दिली की पुरते.

शिक्षकांची बाजूही आहेच. एका वर्गात साठ मुले, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरण्याचे रोजचे निरोप, त्यात बी. एड.ला या विषयाचा एखादा पेपर, तोही पाठ करून दिलेला. पण त्यांच्यावरचा सगळ्यात मोठा दबाव निकालाच्या टक्क्याचा असतो, आणि तो संस्थाचालक, पालक आणि माफ करा, वर्तमानपत्रेही तयार करतात. ३५ गुणांनी काठावर पास झालेल्या अशा एका मुलासाठी शिक्षकाने काय केले असेल, याची बातमी होत नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्या जिल्ह्याने कौतुक केले, ते योग्यच झाले. माध्यमिक शाळेत सुटीत थांबून एकाच मुलाला पुस्तक वाचून दाखवणारे शिक्षकही याच जिल्ह्यात आहेत.

आठवीत पाऊल ठेवणाऱ्या मुलांच्या पालकांना शेवटी एवढेच सांगते. मुलाबद्दल शंका असेल तर जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गट साधन केंद्रात विशेष शिक्षकाचे नाव विचारून त्यांना भेटा. जाताना आधार कार्ड, जन्माचा दाखला, प्राथमिक शाळेतले जुने प्रमाणपत्र असल्यास ते, दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढले असेल तर तेही, आणि मुलाच्या पाचवीपासूनच्या दोन-चार वह्या न्या. वह्या रद्दीत घालू नका. तपासणाऱ्याला त्यातूनच सगळ्यात जास्त कळते.

आपली,
एक निवृत्त शाळा लिपिक, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)