बॅटरी बदलण्याआधी केबल मोजा

महोदय,

थंडी सुरू झाली की आमच्या जुन्नर तालुक्यात पहाटे एक दृश्य गावोगावी दिसते. तरकारीने भरलेली डिझेल पिकअप उभी असते, चालक किल्ली फिरवतो, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, नुसता ‘कट कट’ आवाज करतो आणि मग चार माणसे मागून धक्का देतात. त्याच दिवशी दुपारपर्यंत त्या गाडीला नवी बॅटरी बसलेली असते. गेली १४ वर्षे मी स्वतःच्या पिकअपमधून ओतूर परिसरातला भाजीपाला वाशीच्या बाजार समितीत पोहोचवतो आणि अनुभवाने सांगतो, की अशा वेळी काढून टाकलेल्या कित्येक बॅटऱ्यांत काहीच दोष नसतो. दोष असतो बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि बॅटरीपासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, जाणाऱ्या जाड केबलमध्ये. ही केबल न तपासता बॅटरी बदलण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे आणि आतल्या तारेचे माप न सांगता केबल विकण्याची जी सवय बाजाराला लागली आहे, त्या दोन्हींविषयी हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी कोथिंबिरीच्या ७०० जुड्या घेऊन निघालो होतो. माळशेज घाट उतरून टोकावड्याला चहासाठी गाडी बंद केली, ती पुन्हा सुरूच होईना. जवळच्या गॅरेजमधून आलेल्या कारागिराने दिवे लावून पाहिले, ते मंद होताना दिसले आणि त्याने बॅटरी गेल्याचा निर्वाळा दिला. रात्रीच्या वेळी दुसरा इलाज नव्हता. ६,८०० रुपये मोजून नवी बॅटरी बसवली, गाडी लगेच सुरू झाली आणि वाशीला पोहोचेपर्यंत कोथिंबिरीचा भाव उतरलेला होता. सहाव्या दिवशी घरच्या अंगणात तीच गाडी तोच आवाज करून थांबली. सोबत परत आणलेली जुनी बॅटरी पुढे सव्वा वर्ष आमच्या ट्रॅक्टरवर तक्रार न करता चालली, यावरून त्या रात्रीचा खर्च किती अनाठायी होता, हे लक्षात यावे.

खरा दोष आळेफाट्याच्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनने दाखवला. त्यांनी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावला, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे केबलच्या क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खांबावरच, टेकवले, दुसरे टोक इंजिनच्या उघड्या धातूवर धरले आणि मला चार सेकंद सेल्फ मारायला सांगितले. मीटरने १.८ व्होल्ट दाखवले. केबल आणि तिचे जोड चांगले असतील तर तिथे ०.२ किंवा फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवेत. तीच चाचणी धन खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्ये केली तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा लागतो. दोन मिनिटांचे हे काम, आणि त्यासाठी लागणारा मीटर पाच-सातशे रुपयांत मिळतो.

१.८ व्होल्ट हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त दाबावी लागते, त्यामुळे ते फिरवताना सेल्फ ३०० अँपिअरच्या आसपास प्रवाह सहज ओढतो. एवढ्या प्रवाहाला वाटेत केवळ ०.००६ ओहम अडथळा असला, तरी १.८ व्होल्ट तिथेच खर्च होतात. भाराखाली बॅटरी साडेदहा व्होल्ट देत असेल, तर सेल्फपर्यंत पोहोचतात पावणेनऊच्या आसपास. उरलेली शक्ती, सुमारे ५४० वॉट, त्या एका खराब जोडात उष्णता होऊन बसते. नवी बॅटरी घातल्यावर गाडी काही दिवस चालते, कारण ताजी बॅटरी भाराखाली थोडा जास्त विद्युतदाब (व्होल्ट) टिकवून धरते आणि केबलमधली तूट तेवढ्यापुरती झाकली जाते. मालकाला वाटते की दुखणे बरे झाले, आणि कारागिरालाही तेच वाटते. मी त्या कारागिराला लबाड म्हणत नाही. त्याला मोजायला कोणी शिकवलेच नव्हते.

आमच्या गाडीची अर्थ केबल, म्हणजे बॅटरीच्या ऋण खांबापासून चासीला जाणारी केबल, काढून तिचे आवरण चिरले, तेव्हा आत हिरवट-निळी पूड होती आणि अर्ध्याहून अधिक तारा काळ्या पडून तुटलेल्या होत्या. बॅटरीतल्या आम्लाचा ओलावा तारांमधून केशाकर्षणाने आत सरकत जातो, त्यामुळे बाहेरून केबल धडधाकट दिसते आणि आतून ती संपलेली असते. इंजिन आणि चासी यांना जोडणारी दुसरी छोटी पट्टीही सैल होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला चासीशी जोडणारी ही पट्टी अत्यावश्यक आहे. ती तुटली तर सेल्फचा प्रवाह ॲक्सिलेटरच्या तारेसारख्या नाजूक वाटेने परतू लागतो. सेल्फ मारताना ती तार हाताला गरम लागल्याचे मला आधी एक-दोनदा जाणवले होते, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

यानंतर मी जी चूक केली, ती या पत्राचे दुसरे कारण आहे. घाईत एका दुकानातून तयार केबल आणली. हाताला अंगठ्याएवढी जाड, रंग तांबडा, किंमत माफक. तीन महिन्यांत तिच्या थिंबलजवळचे, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीजवळचे, आवरण मऊ होऊन वितळायला लागले. कापून पाहिली तेव्हा जाडी सगळी आवरणाची होती आणि तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. चाकूने खरवडताच ती पांढरी दिसली. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते, शिवाय दाबून बसवलेल्या थिंबलखाली ते हळूहळू पसरते आणि जोड सैल होतो. खरे तर ही केबल हातात घेतानाच संशय यायला हवा होता, कारण तांब्याचे वजन ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक भरते. पाकिटावर उत्पादकाचे नाव होते, किंमत होती. आत किती चौरस मिलिमीटरची तार आहे आणि ती कोणत्या धातूची आहे, याचा मात्र एका अक्षराने उल्लेख नव्हता. बिल मागितले नव्हते, म्हणून तक्रारही करता आली नाही.

शेवटी त्या इलेक्ट्रिशियनकडूनच ३५ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याची, तेल आणि उष्णता सोसणाऱ्या आवरणाची केबल करून घेतली. तिच्या एका मीटरचा अडथळा ०.०००५ ओहमच्या आसपास, म्हणजे ३०० अँपिअरला तूट जेमतेम ०.१५ व्होल्ट. त्यांनी काम कसे केले, तेही सांगावेसे वाटते, कारण रस्त्याकडेला हेच काम हातोडीने थिंबल ठोकून उरकलेले मी अनेकदा पाहिले आहे. त्यांनी आधी ऋण टोक सोडवले आणि मग धन. उलट केले तर धन बोल्टवरचा पाना चासीला टेकून ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. जोडताना क्रम बरोबर उलटा, ऋण शेवटी. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबले, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली. चासीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत साफ केला, कारण रंगावर घट्ट केलेला बोल्ट अर्थ देत नाही. खांबांवरची पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि सगळे आवळून झाल्यावर वर पेट्रोलियम जेली लावली. केबल सायलेन्सरपासून दूर, जुन्याच वाटेने नेली आणि इंजिन हलते म्हणून थोडी ढिली ठेवली. दोन्ही केबल, पट्टी आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. आता त्याच जागी मीटर ०.१ व्होल्ट दाखवतो आणि दोन हिवाळे गाडीला धक्का द्यावा लागलेला नाही.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक निकषांच्या, गाड्यांत हा विषय अधिक महत्त्वाचा झाला आहे. त्यांचे इंजिन संगणकाच्या आज्ञेने डिझेल फवारते, आणि सेल्फ मारताना विद्युतदाब फार खाली गेला तर सेल्फ फिरूनही इंजिन सुरू होत नाही. मग दोष इंजेक्टरमध्ये, पंपात, सेन्सरमध्ये शोधला जातो आणि खर्चाचा आकडा बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. दुसरीकडे, चालू असलेली बॅटरी भंगारात गेली की शिसे आणि आम्ल विनाकारण वेळेआधी बाहेर पडते. जुन्या बॅटऱ्यांसाठी केंद्राने २०२२ मध्ये नवे व्यवस्थापन नियम केले. पण जी बॅटरी आणखी वर्षभर चालली असती, ती काढलीच नाही तर त्या नियमांवरचा भारही तेवढाच हलका होईल.

मोटार वाहनांच्या केबलसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २४६५ हे मानक कित्येक वर्षांपासून आहे. मागितलेले बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि मालाचा दर्जा व प्रमाण जाणून घेण्याचा हक्कही तोच कायदा देतो. तेव्हा वैधमापन विभागाने तालुक्याच्या ठिकाणच्या सुट्या भागांच्या दुकानांत एकदा तरी या केबल तपासाव्यात, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी डिझेल मेकॅनिकच्या मुलांकडून ही व्होल्टची चाचणी हाताने, प्रत्यक्ष गाडीवर करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. दुकानदारांकडे मागणे याहून छोटे आहे : केबलचे टोक ग्राहकासमोर सोलून दाखवावे आणि बिलावर ‘तांबे, ३५ चौ.मि.मी., दीड मीटर’ एवढे शब्द लिहावेत. आमच्या भागातल्या दोन दुकानांना मी हे समक्ष जाऊन सांगितले. त्यातल्या एकाने लिहायला सुरुवात केली आहे. दुसऱ्याने ‘असे कोणी विचारत नाही’ असे उत्तर दिले. पुढच्या वेळी केबल घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक पिकअपमालकाने ते विचारावे.

आपला,
एक पिकअपमालक शेतकरी
ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे