एक पंगत रुग्णाच्या घरासाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बार्शी तालुक्यात सध्या गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह चालू आहेत. काकडा, पारायण, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला आणि महाप्रसाद. कुठल्या दिवशीची पंगत कुणाची, चहा कुणाचा, कीर्तनकारांची बिदागी कोण देणार, हे सगळं गावकरी आपसांत वाटून घेतात. एवढी माणसं, एवढा पैसा आणि एवढी शिस्त आमच्या खेड्यात दुसऱ्या कुठल्याच कामाला जमत नाही. गावात कुणी मोठ्या दुखण्यातून उठत असेल, तर हेच बळ त्या घराच्या मागे उभं राहिलं पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्र. आमच्या घरामागे ते उभं राहिलं, म्हणून अधिकाराने लिहिते.

आमच्या मालकांना तोंडाचा कॅन्सर झाला. आपल्या देशात पुरुषांमध्ये हाच कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो आणि त्याचं मोठं कारण तंबाखू, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढला, पायातलं हाड घेऊन जबडा बांधला, मानेतल्या गाठी काढल्या. जखमा भरल्यावर किरणोपचार सुरू झाले. ते आठवड्याचे पाच दिवस, असे साधारण सहा आठवडे चालतात. शस्त्रक्रियेचा बराचसा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उचलला, त्याबद्दल आम्ही शासनाचे ऋणी आहोत.

गाठ डॉक्टरांनी काढली. नामस्मरणाने गाठ विरघळली असं मी कधीही म्हणणार नाही, आणि असं सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. पण गाठ निघाल्यापासून माणूस पुन्हा चारचौघांत येऊन बसेपर्यंत जे महिने जातात, ते घरात काढायचे असतात. नाकातून पोटात गेलेली नळी असते. दर दोन-तीन तासांनी पातळ, गाळून घेतलेलं अन्न सिरिंजने त्या नळीतून द्यावं लागतं. रुग्णाचं डोकं उंच ठेवायचं, हवा जाऊ द्यायची नाही, शेवटी पाणी सोडून नळी साफ करायची. किरणांनी तोंड आतून सोलल्यासारखं होतं, लाळ आटते, चव जाते. जबडा आखडत जातो. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे खांदा वर होत नाही. बोललेलं कुणाला कळत नाही, आणि ज्याचं बोललेलं कळत नाही तो माणूस हळूहळू बोलणंच सोडतो.

आमचे मालक भजनी मंडळात गात होते. चाल लावायची ती त्यांनीच. आवाज गेला तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि व्यायाम नको, नळी नको, मुंबई नको असं खुणेने सांगायला लागले. त्या दिवसांत माझ्या सासूबाईंनी मला जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "पांडुरंग हायच गं, पण नळीतनं पेज घालाया तुलाच उठाया लागंल." शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या माउलीने श्रद्धा आणि सेवा यांत कधी अंतर ठेवलं नाही. रोज पहाटे त्या देवापुढे दिवा लावत आणि तिथून उठून थेट मुगाची डाळ शिजत टाकत.

घरच्यांनी काय केलं हे थोडक्यात लिहिते, कारण ज्या घरात आज असा रुग्ण आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. शेतीपंपाची लाइट रात्रीची असते. ती पाण्याची पाळी दिरांनी पूर्णपणे स्वतःकडे घेतली. जाऊबाईंनी यांची पेज आतल्या खोलीत नेऊन द्यायला कधीच परवानगी दिली नाही. सगळे जेवायला बसतील तेव्हा हेही त्याच ओळीत बसणार, नळीतून का होईना, पण सगळ्यांबरोबर. पोरांना आधी चेहऱ्याची भीती वाटली, चार दिवसांत गेली. माझी बहीण अधूनमधून येऊन राहायची आणि मला म्हणायची, "ताई, आज रात्रीची नळी माझी, तू झोप." सेवा करणाऱ्यालाही झोप लागते, हे फार थोड्या घरांत कुणाच्या लक्षात येतं. बहुतेक ठिकाणी एकच बाई सगळं ओढते आणि रुग्ण बरा होईपर्यंत ती आजारी पडलेली असते.

आणि मंडळ. मंडळातली माणसं आधी भेटायला यायची तशी आली, सफरचंदं ठेवली, गप्प बसली आणि गेली. मग एका एकादशीला आमचे विणेकरी बुवा सगळ्यांना घेऊन आले आणि त्यांनी आमच्या ओसरीवरच भजन लावलं. तेव्हापासून दर एकादशीचं भजन आमच्याकडेच. यांच्या हातात टाळ दिले. गाता येत नव्हतं, पण ठेका चुकत नव्हता. फिजिओथेरपिस्टना मी पुढच्या खेपेला विचारलं, तेव्हा खांद्यासाठी हात चालता ठेवा, दुखेल तिथे थांबा, म्हणजे टाळ चालतील, असं त्या म्हणाल्या.

तोंड उघडण्याच्या व्यायामाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची, असा तो व्यायाम. दुखतं म्हणून निम्मे रुग्ण तो सोडून देतात, असं रुग्णालयातल्या ताई सांगत होत्या. यांनी तुळशीची माळ हातात घेतली. एक माळ जप पुरा होईपर्यंत काड्या काढायच्या नाहीत, असा स्वतःचा नेम केला. घड्याळ लावून जे होत नव्हतं ते नेमाने झालं. श्रद्धेचं खरं बळ मला इथे दिसलं. चमत्काराची वाट बघत बसवणारी श्रद्धा वेगळी, आणि रोज दुखणारं काम रोज करायला लावणारी वेगळी. दुसरी ज्याच्याजवळ आहे त्याच्यासाठी ती फिजिओथेरपीइतकीच उपयोगाची आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगायचं आहे. आम्हाला भेटलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी अंडी द्यायला सांगितली होती. हे माळकरी आहेत म्हटल्यावर त्या हसल्या नाहीत, वादही घातला नाही. दूध, सोयाबीनचं पीठ, मुगाची डाळ, शेंगदाण्याचं कूट असा दुसरा तक्ता त्यांनी मराठीत लिहून दिला. त्या एका कागदामुळे यांचा त्यांच्यावर जो विश्वास बसला, त्याच विश्वासाने पुढे त्यांचं सगळं ऐकलं. उपास मात्र सोडावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. ते यांना पटेना. तेव्हा बुवांनी सांगितलं, "माउली, बरं होईस्तोवर तुमची एकादशी तुमची आई धरंल. तुम्ही पोटभर घ्या." प्रश्न मिटला. देवाच्या माणसाने डॉक्टरचं म्हणणं उचलून धरलं की ते घरात लगेच उतरतं.

याच्या उलट घडलेलंही मी जवळून पाहिलं आहे. ओळखीतल्या एका रुग्णाला किरणोपचार अर्ध्यात सोडायला लावून जडीबुटीवाल्याकडे नेलं. तो परत उपचाराला आला तेव्हा उशीर झाला होता. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचार सोडायला लावणाऱ्यालाही तितक्याच कडकपणे अडवलं पाहिजे. आणि भेटायला येऊन "गेल्या जन्मीचं काहीतरी असणार" असं म्हणणाऱ्यांनी घरीच थांबावं. बिछान्यावरच्या माणसाला ते ऐकू येतं.

आमचे मुंबईतले दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने सोपे केले. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून गोरगरिबांवर उपचार करत आहे, देशभरातून तिथे माणसं येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना ही धर्मशाळा आसरा देते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या संताने आयुष्यभर कीर्तनातून नवस-सायास आणि पशुबळी यांच्यावर कोरडे ओढले आणि लोकांनी दिलेल्या पैशातून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषधोपचार, हाच रोकडा धर्म असं ते सांगत. १९५६ साली बाबा गेले, पण त्यांचा धर्म मी त्या इमारतीत रोज चालताना पाहिला. बिहारची बाई आणि आमच्या जालन्याकडची आजी एकमेकींच्या रुग्णांची पेज गाळून देत होत्या.

देवस्थानं काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही. शिर्डीचं संस्थान रुग्णालय चालवतं, मुंबईचं सिद्धिविनायक मंदिर उपचारासाठी आर्थिक मदत देतं. पण ही मदत बहुधा रुग्णालयापाशी थांबते. घर कोलमडतं ते भाड्याने, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीने आणि खोलीच्या पैशाने. रेल्वेच्या स्लीपर डब्यात उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला तिकीट माफ आहे, सोबतच्या एका माणसालाही सवलत आहे, हेसुद्धा खेड्यात कित्येकांना माहीत नसतं. जिल्ह्याच्या गावी जिथे जिथे किरणोपचार होतात, तिथे तिथे मोठ्या देवस्थानांनी रुग्ण आणि एक नातेवाईक यांच्यासाठी निवास काढावा. आणि रुग्णालयांनी सुटी देण्याआधी घरातल्या दोन माणसांना नळी, जखम, व्यायाम सगळं हाताला धरून शिकवावं, सूचनांचा कागद मराठीत द्यावा. एका रुग्णालयातून आम्हाला मिळालेला कागद इंग्रजीत होता, तो वाचून घ्यायला आम्हाला तालुक्याला जावं लागलं.

आमच्या बार्शीला या बाबतीत जुना वारसा आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली इथेच सुरू झाली. त्या कामातली माणसं खेड्यांत जाऊन बायाबापड्यांना समजावून सांगत, त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने सांगितलं की खेडं ऐकतं. आमच्याकडे कीर्तनकारांएवढा विश्वास कुणाच्या शब्दाला आहे? म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, की सप्ताहातल्या प्रत्येक कीर्तनात दोन मिनिटं तोंडाच्या कॅन्सरला द्यावीत. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, एवढं जरी सांगितलं तरी कुणाचा तरी जबडा वाचेल. माळ घातलेला माणूस मांस-मद्य सोडतो. तंबाखू मात्र बहुतेकांची सुटत नाही, आणि जागराच्या भजनात चंची हातोहात फिरते. आमच्या मंडळाने ती बंद केली आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असून टपरीवर तो मिळतो, त्याचा जाब प्रशासनाला विचारलाच पाहिजे, पण मंदिराच्या ओसरीवरची चंची बंद करायला कुठल्याही साहेबाची सही लागत नाही.

यंदा आमच्या गावाने असं ठरवलं आहे, की सप्ताहातल्या एका दिवसाची पंगत साधी, भात-आमटीची करायची आणि उरलेला पैसा गावातल्या आजारी माणसांच्या घरच्यांना गाडीभाड्यासाठी द्यायचा. त्याचा हिशेब काल्याच्या दिवशी मंडपात वाचला जाईल. इतर गावांनीही हे करावं. आणि सप्ताहाच्या पत्रिका छापायला टाकल्या नसतील, तर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर पत्रिकेच्या मागे ठळक छापावा.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)
ता. बार्शी, जि. सोलापूर