सरासरी छापता, पण किती तुकड्यांची?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर चौकटीत एक बातमी होती, यंदा तालुक्यात भाताचा उतारा, म्हणजे हेक्टरी किती पिकलं तो आकडा, सरासरीएवढाच आहे, घट नाही म्हणून. आमच्या वहिनींनी चहाच्या वेळी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, बघा भाऊजी, आपलं चांगलं पिकलंय म्हणं. समोर पडवीत पोती लावलेली, दरवर्षी तिसरी थप्पी लागते ती यंदा लागलीच नाही, आणि सगळे त्या पोत्यांकडे बघत गप्प.

बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. आमच्या घरात कमी पिकलं म्हणून तालुक्यात कमी पिकलं असं होत नाही एवढं मला पण कळतं, आणि आपला बेळगावाकडचा खानापूर तालुका म्हणजे काय सारखा आहे का, तिकडे कणकुंबीला, मलप्रभा निघते तिथं, पावसानं माणूस महिना महिना घराबाहेर पडत नाही आणि इकडे इटगी-बिडीकडं आलं की आभाळाकडं बघत बसायचं. त्या सगळ्याची मिळून एक सरासरी काढायची म्हणजे एक पाय उंबऱ्यात आणि एक विहिरीत. पण ते सोडा. माझा प्रश्न वेगळा आहे, ही सरासरी शेतातले किती तुकडे कापून, मोजून काढली, आणि त्या तुकड्या-तुकड्यांत फरक किती होता? बातमीत दोन्ही नव्हतं. नुसती सरासरी. (सरासरी हा शब्द कन्नडात पण सरासरीच आहे बरं का, एवढ्या एका बाबतीत तरी सीमावाद नाही.)

हे मला सुचलं कुठनं ते सांगतो. आमची थोरली बेळगावात बीएस्सी करते, स्टॅटिस्टिक्स घेतलंय. सुगीला घरी आली होती, तिला कॉलेजात काहीतरी प्रोजेक्ट द्यायचा होता आणि मला बघायचं होतं की वाडीत खरंच कमी पिकलंय की नुसती आमची रडारड आहे. मग आम्ही बेळे कटाव करायचं ठरवलं, म्हणजे सरकारी पीक कापणी प्रयोग असतो तसाच, पण आपला आपण. ५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन दोरीनं आखायचा, आतलं भात कापायचं, ताडपत्रीवर झोडायचं, पाखडायचं, वजन करायचं. २५ चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा ४०० वा भाग, म्हणून जे किलो येतील त्याला ४०० नं गुणलं की हेक्टरी उतारा. हे ४०० लक्षात ठेवा, कारण काट्यावर शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झालं की कागदावर ४० किलो इकडे-तिकडे होतात.

चौकोन आखणं वाटतं तेवढं सोपं नाही. चार बाजू ५ मीटर झाल्या तरी तो तिरपा होतो, म्हणून पोरगी दर वेळी कर्ण मोजायची, ७ मीटर ७ सेंटिमीटर भरला की मगच खुंट्या ठोकायच्या. आणि दोरीवर आलेलं रोप आत की बाहेर यावर दर चौकोनाला भांडण. मला वाटायचं एक रोप आत घेतलं तर काय बिघडतंय. पण तिनं सांगितलं की ह्याच रोपावरनं देशात मोठा वाद झालाय. साताऱ्याकडचे, बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ चा जन्म, त्यांनी १९४० च्या दशकात आपल्याकडे पीक कापणीची पद्धत बसवली आणि तिकडे बंगालात महालनोबिस, ते पण संख्याशास्त्रज्ञच, अगदी लहान लहान घेर कापायचे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की घेर लहान केला की उतारा फुगतो, कारण माणूस कडेचं रोप नकळत आत ओढतो आणि लहान घेराला आतल्या जागेच्या मानानं कडच जास्त. हे ऐकल्यावर मी गप खुरपं बाजूला ठेवलं.

दुसरं भांडण जागेवरनं. वाडीतल्या सर्व्हे नंबरांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून शेजाऱ्याच्या बारक्याकडनं उचलून घेतल्या, आणि शेतात गेल्यावर कोपऱ्यापासून लांबीला किती पावलं नि रुंदीला किती हे पण चिठ्ठीनंच. एका शेतात चिठ्ठीची जागा नेमकी गव्यांनी तुडवलेल्या पट्ट्याशेजारी, चांगल्यात पडली. शेताचे मालक म्हणाले, पोरी, दहा पावलं अलीकडं घे की, तुडवलेलं पण दिसू दे जरा. पोरगी म्हणाली, काका, असं केलं तर तो तुमचा आकडा होईल, वाडीचा नाही. ते रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. पण उलटं पण होतंच की, रस्त्याकडेचं, बघायला सोयीचं, पाण्याच्या तोंडाचं शेत कापलं की उतारा वर जातो आणि त्यावर कोणी रागावत नाही.

तर १२ चौकोन करायचे असं आधी ठरलं होतं. पहिल्या दिवशी ४ च झाले कारण बाकीचं भात वाळलं नव्हतं. वजनं आली ६.२, ९.१, ७.४ आणि ८.९ किलो. सरासरी ७.९. आता आमच्या वाडीत नेहमीचा उतारा धरला तर चौकोनाला साडेआठ किलो, म्हणजे हेक्टरी ३४ क्विंटल, इंद्रायणीच सगळी. मी लगेच म्हटलं, बघ, सहाशे ग्रॅम कमी, गुणिले ४००, हेक्टरी २४० किलो गेले, झालं सिद्ध! पोरगी म्हणाली, पप्पा, काही सिद्ध झालेलं नाही.

तिचा हिशोब असा. चार वजनांत आपापसातच केवढा फरक आहे बघा, सहा ते नऊ. तो पसारा (पुस्तकात प्रमाण विचलन म्हणतात) काढला तर १.३६ किलो येतो. मग चारची सरासरी किती हेलकावे खाऊ शकते ते काढायला पसाऱ्याला ४ च्या वर्गमुळानं, म्हणजे २ नं भागायचं, आले ०.६८. आपली घट किती, ०.६. म्हणजे घट हेलकाव्याएवढी पण नाही! ०.६ भागिले ०.६८, साधारण ०.८८, ह्याला टी म्हणतात. चार तुकडे असले तर हा टी २.३५ च्या पुढं गेला पाहिजे तेव्हा म्हणायचं की ही घट नुसती चिठ्ठ्यांची करामत नाही. आपण कुठं, ०.८८ वर. उलट बाजूनं सांगायचं तर ह्या ४ वजनांवरनं वाडीची खरी सरासरी पावणेसहा किलोपासून दहा किलोपर्यंत कुठंही असू शकते. पावणेसहा म्हणजे दुष्काळ, दहा म्हणजे सत्यनारायण घालायचा. असल्या आकड्यावर बातमी होते का?

ही टी टेस्ट काढली कोणी तर गॉसेट नावाच्या माणसानं, डब्लिनला गिनेस दारूच्या कारखान्यात कामाला होता, बार्लीचं आणि बियरचं तपासायचा, आणि त्याची अडचण आपलीच, नमुने हातात चार-सहाच असायचे, हजार कुठनं आणणार. १९०८ साली त्यानं ते छापलं, पण स्वतःच्या नावानं नाही, स्टुडंट असं टोपणनाव घेऊन. त्याच्या आधी लोक पसारा जणू पक्का माहीतच आहे असं धरून चालायचे. चार नमुन्यांवरनं काढलेला पसारा स्वतःच कच्चा असतो, म्हणून घटीचा पुरावा आणखी मोठा मागायचा, हे त्यानं आकड्यात बसवून दिलं. म्हणून चारला २.३५, आणि तुकडे वाढत गेले की ही अट उतरत जाते.

मग पुढच्या आठवड्यात राहिलेले ८ केले. ७.१, ८.३, ६.६, ७.८, ९.०, ६.९, ७.५, ७.२. बाराची सरासरी ७.६७, पसारा ०.९७, त्याला १२ च्या वर्गमुळानं भागून हेलकावा फक्त ०.२८. टी आला जवळजवळ ३, आणि बाराला अट १.८ चीच. वाडीचा उतारा खरंच साडेआठ असता तर चिठ्ठ्यांच्या खेळानं एवढा कमी आकडा शंभरात एकदा पण आला नसता. म्हणजे घट आहे, चौकोनाला आठशे ग्रॅमच्या वर, हेक्टरी सव्वातीन क्विंटलच्या पुढं. शेतं तीच, पीक तेच, ४ वर थांबलो असतो तर "घट सिद्ध होत नाही" आणि १२ केले तर "घट आहे". (पोरीनं दम दिला होता की आपल्याला पाहिजे ते येईपर्यंत चौकोन वाढवत जायचं नाही, ती लबाडी आहे, आकडा आधी ठरवायचा. म्हणून तर बारा आधीच लिहून ठेवले होते. आणि २.३५, १.८ ह्या अटी ज्यावरनं येतात ती शंभरात पाचची नेहमीची रेषा, म्हणजे नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळानं असा आकडा शंभरात पाचदापेक्षा कमी वेळा यायला पाहिजे, ती पण काही देवाची नाही, फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९२५ च्या सुमाराला सोयीची म्हणून धरली आणि पुढं सगळ्यांनी तीच ओढली.)

आता मूळ मुद्दा. आपल्या बातमीत "घट नाही" असं लिहिलंय. कमी तुकड्यांवरनं "घट दिसली नाही" असं फार तर म्हणता येईल. दोरी आखूड आहे, घागर पाण्याला लागत नाही, आणि आपण वरनं ओरडायचं विहीर कोरडी आहे म्हणून, तसलं झालं हे. घट सापडली नाही आणि घट नाही यात आमचं वर्षाचं घर चालतं हो साहेब.

कारण हे विम्याशी जोडलेलंय. प्रधानमंत्री फसल विमा, म्हणजे सरकारी पीक विमा, २०१६ च्या खरिपापासून आला, आम्ही खरिपाला विम्याच्या रकमेच्या २ टक्के भरतो, आणि उतारा घटल्याची भरपाई माझ्या शेतावर ठरत नाही, ग्रामपंचायतीच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. गेल्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी, तिचे ठरलेले टक्के म्हणजे उंबरठा, आणि यंदाची सरासरी त्याच्या जेवढी खाली तेवढ्या प्रमाणात पैसे. यंदाची सरासरी मुख्यतः कशावरनं, तर मुख्य पिकाला ग्रामपंचायतीत कमीत कमी ४ कापण्या. चार! वर बघितलंच चार कापण्यांचा हेलकावा केवढा असतो तो. एक चौकोन चांगल्या पाणथळ जागेत पडला की पंचायतीचे पैसे गेले, एक तुडवलेल्यात पडला की नको तेवढे आले.

मग तुम्ही म्हणाल की भरपाईला पण टी टेस्ट लावा. नको, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण शिकलेले लोक इथं चुकतील. टेस्ट लावायची म्हणजे आधी काहीतरी खरं धरून चालायचं आणि ते मोडायला पुरावा मागायचा. "पीक चांगलं आलंय" हे खरं धरलं तर घट सिद्ध करायचा बोजा आमच्यावर, आणि ४ कापण्यांत ती जवळजवळ कधीच सिद्ध होणार नाही, कंपनी आरामात. "पीक गेलंय" हे धरलं तर बोजा कंपनीवर, मग ती बोंबलेल. चूक दोन्हीकडनं होते, नुकसान नसताना पैसे देणं ही एक चूक आणि नुकसान असून न देणं ही दुसरी. चार तुकड्यांत एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, दोन्ही एकदम कमी करायच्या तर तुकडे वाढवायला लागतात, दुसरा रस्ता नाही. आणि वर्गमुळाचा हिशोब असा कडक आहे की हेलकावा निम्मा करायला कापण्या चौपट, ४ च्या १६. माणसं कुठनं आणायची हा सरकारचा प्रश्न, खरा प्रश्न आहे, नाही म्हणत नाही.

आपल्याकडनं मला एवढंच पाहिजे. उतारा असो, दुधाचं फॅट असो, नव्या बियाण्याच्या प्लॉटची जाहिरातवजा बातमी असो (तीन शेतकऱ्यांचे फोटो आणि खाली एकरी वाढ, हे तर दर महिन्याला), सरासरीच्या शेजारी कंसात दोन आकडे छापा, किती नमुने आणि सगळ्यात कमी ते सगळ्यात जास्त किती. वर्गमूळ-बिर्गमूळ छापू नका, ते आमच्या पोरी काढतील. आणि चौकटीला जागा पुरत नसेल तर वार्ताहराचा फोटो थोडा लहान करा.

आमची दोरी माळ्यावर ठेवलीय, ७ मीटर ७ सेंटिमीटरला लाल चिंधी बांधून. पुढच्या सुगीला आपला कोणी आला तर एक टोक त्याच्या हातात देतो, मात्र चिठ्ठी उचलायची शेजाऱ्याच्या बारक्यानंच.

आपला,
एक भात उत्पादक, खानापूर तालुका
(नाव छापू नये, ते काका आत्ता कुठं बोलायला लागलेत)