३९ धावांच्या चौकटीत न मावलेला देश

महोदय,

समोआच्या डॅरियस व्हिसरने एका षटकात ३९ धावा चोपल्या आणि युवराजचा २००७ चा विक्रम मागे पडला, ही चौकट ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या क्रीडा पानावर वाचली. चोप खाणारा गोलंदाज व्हानुआतूचा. त्या देशाचा उल्लेख तेवढाच. त्याच गोलंदाजाने, नलिन निपिकोने, नंतर बॅट हातात घेऊन ७३ धावा काढल्या आणि व्हानुआतू फक्त १० धावांनी हरले. हे वाचल्यावर नो-बॉलमुळे षटकात नऊ चेंडू टाकावे लागलेल्या त्या पोराबद्दल मत बदलते की नाही?

पॅसिफिकमधल्या व्हानुआतूच्या या ऐंशीएक बेटांची लोकसंख्या आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेहून कमी. १९८० पर्यंत तिथे इंग्रज आणि फ्रेंच यांचा सामाईक कारभार होता. आजही पोरे फुटबॉलमागे जास्त धावतात. क्रिकेट टिकले ते राजधानी पोर्ट व्हिलाच्या आसपास, मेले, इफिरासारख्या गावांत. मधुमेहासारखे आजार आटोक्यात राहावेत म्हणून गावातल्या बायकांना क्रिकेट खेळायला लावायचा उपक्रमही तिथे झाला. (आपल्याकडे डॉक्टर फार तर ‘चालत जा’ म्हणतात.) एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे जगभरची मैदाने ओस पडली होती, तेव्हा पोर्ट व्हिलातला महिलांचा अंतिम सामना इंटरनेटवरून थेट दाखवला गेला.

आणि एप्रिल २०२४ मध्ये, अबुधाबीत, टी-२० विश्वचषकाच्या पात्रता फेरीत या बायकांनी झिंबाब्वेला ६१ धावांत गुंडाळले आणि सहा गडी राखून हरवले. नासिमाना नवाइकाने चार बळी घेतले. झिंबाब्वे म्हणजे आयसीसीचा (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा) पूर्ण सदस्य, कसोटी खेळणारा देश. आणि व्हानुआतूच्या संघाने तयारीसाठी ऑनलाइन वर्गणी मागितली होती. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवासारखी!

स्मृती मानधनाच्या गावात राहून ही बातमी मला चार महिन्यांनी, तीही एका चौकटीचा माग काढताना कळावी? रद्दीवाला अजून आला नव्हता, म्हणून त्या आठवड्याचे आपले अंक काढून पाहिले. आयपीएल पानभर आहे, खेळाडूंच्या केशरचनाही आहेत. झिंबाब्वे-व्हानुआतू सामना मला सापडला नाही. आला असेल, तर कोणत्या पानावर, ते कृपया कळवावे. कात्रण काढून आमच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या मुलींना दाखवायचे आहे.

– आपली एक वाचक, सांगली