‘तो काही करत नाही’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिले, तेव्हापासून आपल्या पत्रसदरात या विषयावर दोन्ही बाजूंची पत्रे येत आहेत. एका बाजूला रोज न चुकता कुत्र्यांना खाऊ घालणारे आहेत, तर दुसऱ्या बाजूला सगळी कुत्री उचलून शहराबाहेर न्या म्हणणारे. या भांडणात एका तिसऱ्या माणसाचे पत्र मात्र माझ्या वाचनात आले नाही. त्याला कुत्र्यांचा राग नसतो, नुसती भीती वाटते, आणि त्या भीतीचीच लाज वाटत असल्याने तो गप्प राहतो. मी पंचावन्न वर्षे त्या माणसांत होते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

१९६९ सालच्या मार्गशीर्षात मी नऊ वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्याखाली चेंडू काढायला गेले असता एका कुत्रीने माझी पोटरी धरली. तो चावा मला आज जवळजवळ आठवत नाही. आठवतात ती नंतरची बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने. रोज सकाळी वडील सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेत, स्टीलच्या ट्रेमध्ये सुई ठेवल्याचा किणकिणाट होई आणि स्पिरिटचा वास आला की माझे पोट आपोआप आत ओढले जाई. सातव्या-आठव्या दिवशी तर वाड्याच्या दारात कुत्रे दिसले तरी पोटात तीच कळ येऊ लागली. दात कुत्रीचे होते, पण भीती पेरली ती सुईने, हे मला फार उशिरा कळले.

पुढे नोकरी, लग्न, संसार सगळे रीतसर झाले आणि भीतीही माझ्याबरोबर रीतसर वाढली. बँकेतून घरी येताना कोपऱ्यावर कुत्री बसलेली दिसली की तीनशे पावलांसाठी मी रिक्षा करत असे. सहकारनगरात तळजाईच्या पायथ्याशी तीस वर्षे राहून मी टेकडीवर दोनदा गेले असेन, तीही यजमानांचा दंड धरून. देवघरातल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली आहेत, त्यांना दर गुरुवारी हात जोडायचे आणि खाली फाटकाशी तसेच एखादे दिसले की दार लावून घ्यायचे, असा माझा भक्तिमार्ग होता. नणंदेने लॅब्राडोर पाळला म्हणून अकरा वर्षे मी तिच्या घरची पायरी चढले नाही. कारणे मात्र दर वेळी वेगळी सांगितली; बहुधा गुडघेदुखीची.

अशी भीती टिकते कशी, हे मला उपचार घेताना समजले. रस्ता बदलला की लगेच जिवात जीव येतो, आणि मन त्यातून एवढेच शिकते की रस्ता बदलला म्हणून आपण वाचलो. समोरून गेलो असतो तरी बहुतेक काहीच घडले नसते, हे कळायची संधी त्याला मिळतच नाही. टाळण्याच्या या सुटकेवर भीती पोसली जाते. म्हणूनच ‘वय वाढले की जाईल’ असे म्हणणाऱ्यांचे भाकीत माझ्या बाबतीत साफ चुकले.

उपचाराला मी स्वतःसाठी गेले नाही. माझा चार वर्षांचा नातू कुत्रे दिसताच माझ्या पदराआड लपू लागला. त्याला एकाही कुत्र्याने कधी काही केले नव्हते. त्याने फक्त माझ्या हाताची पकड घट्ट झालेली ओळखली होती. मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे ऐकून १९६७ साली अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. कुत्र्याला भिणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी एक न भिणारे मूल कुत्र्याशी हळूहळू जवळीक करताना दाखवले, आणि नुसते पाहून त्यांतली बरीच मुले स्वतः कुत्र्याजवळ जाऊ लागली. भीती पाहून लागते, तशी पाहून सुटतेही, असे त्या म्हणाल्या. नातवाला पाहायला आजीच हवी होती, त्यामुळे माझी सबब उरली नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला कुत्रे चावत नाही असे सांगितले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. उलट आधी आमच्या डॉक्टरांकडून रेबीजची नीट माहिती घेऊन यायला सांगितले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावा किंवा ओरखडा होताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली, वेळेवर लस घेतली आणि जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, टोचून घेतले, तर हा रोग टाळता येतो, हे डॉक्टरांनी समजावले. दंडात घ्यायची ही लस पहिल्या, म्हणजे शून्याव्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. माझ्या पोटात टोचलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस आपल्या देशात बंद होऊन वीस वर्षे उलटली आहेत. चौदा सुया आता कोणालाही घ्याव्या लागत नाहीत, हे ऐकून मी दवाखान्यातच रडले. अर्धी भीती तिथेच उतरली असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण तिचे मूळ तिथे सापडले.

त्यानंतर आम्ही एक शिडी आखली. वहीत भीतीला शंभरपैकी गुण देऊन मी पायऱ्या लिहिल्या: कुत्र्याचे छायाचित्र वीस, भुंकण्याचा आवाज पस्तीस, रस्त्यापलीकडचे कुत्रे पन्नास, असे करत हात लावणे पंचाण्णव. प्रत्येक पायरीवर नियम एकच होता. भीती चढलेली असताना पळ काढायचा नाही. ती आपोआप निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचे. घरचा अभ्यास म्हणून रोज वीस मिनिटे गॅलरीतून कुत्री पाहायची होती. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गुंडी नावाची एक वयस्क गावठी कुत्री असते. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या कानाचे टोक कापलेले आहे. झोप आलेली नसतानाही ती जांभई देते, ओठ चाटते, मान वळवते, आणि हे सारे ती अस्वस्थ असल्याचे लक्षण आहे, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळले. शेपटी हलते म्हणजे कुत्रे खूशच असते असेही नाही; ताठ उभी शेपटी नुसत्या टोकाशी हलत असेल तर लांबूनच जावे. आणि भाद्रपदातल्या कुत्र्यांवरून आपण एकमेकांना शिव्या देतो, पण त्यानंतर साधारण त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, जागोजागी पिल्ले होतात आणि त्यांच्या आया कोणालाही जवळ फिरकू देत नाहीत, हा हिशेब मी कधी केला नव्हता. वाड्याच्या जिन्याखालच्या कुत्रीचीही पिल्ले तिथेच असणार. पंचावन्न वर्षांनी मला तिचा राग येईनासा झाला.

गुंडीच्या गळ्यात दोरी अडकवून शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी पंधरा फुटांवर उभी राहिली, तो दिवस मी विसरणार नाही. माझे पंच्याऐंशी गुण चाळिसावर यायला पंचवीस मिनिटे लागली आणि तोवर कंटाळून गुंडी आडवी झाली होती. रोज फूट-दोन फूट असे करत सहा आठवड्यांनी मी तिच्याशेजारी कट्ट्यावर, तिच्याकडे न पाहता, हात मांडीवर सैल ठेवून बसले. तिने आधी चप्पल हुंगली, मग साडीचा काठ, आणि मग हाताच्या पालथ्या बाजूला तिचे नाक लागले. ते ओले आणि माठाच्या पाण्यासारखे गार होते. नातू दोन पावलांवर उभा राहून हे पाहत होता. “आजी, ती तुला विचारते आहे,” असे तो म्हणाला.

आता ज्या कारणासाठी पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. हिंमत करून मी तळजाईवर एकटी गेले, त्या आठवड्यात एक भला मोठा पाळीव कुत्रा मोकळा धावत माझ्या अंगावर आला. मालक वळणावर फोनवर बोलत होते, तिथूनच त्यांनी हात उंचावून “काकू, तो काही करत नाही हो!” असे सांगितले. त्याने खरोखरच काही केले नाही. पण मी पुन्हा घरात बसले, आणि गेलेल्या पायऱ्या पुन्हा चढायला महिना लागला. आपल्या प्राण्यामुळे कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये एवढी खबरदारी जाणूनबुजून वा निष्काळजीपणे न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे. पण मला पोलिसांत जायचे नाही. ‘तो काही करत नाही’ म्हणणाऱ्याला आपल्या कुत्र्याची खात्री असते आणि समोरच्या माणसाविषयी काहीच ठाऊक नसते, एवढेच मला मांडायचे आहे. भीती कमी होते ती भिणाऱ्याने स्वतः ठरवलेल्या अंतराने आणि त्याच्याच वेगाने. दुसऱ्याने ते अंतर एका उडीत संपवले तर ती दुप्पट होते. रडणाऱ्या मुलाचा हात धरून बळेच कुत्र्याच्या पाठीवर ठेवणाऱ्या मामा-काकांनाही हेच सांगणे आहे.

खाऊ घालणाऱ्या मंडळींना एक विनंती. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीच खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि इमारतीच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवायला सांगितले आहे. आमच्या सोसायटीने ती जागा फाटकापासून मागच्या भिंतीकडे हलवली, तेव्हा गुंडीचे काही बिघडले नाही आणि दोन आजोबा संध्याकाळी पुन्हा खाली उतरू लागले.

गेल्या रविवारी टेकडीच्या पायवाटेवर एक तरुण मुलगा कुत्रा घेऊन समोरून आला. मी थबकलेली पाहून त्याने पट्टा आखडून घेतला, कुत्र्याला वाटेच्या कडेला बसवले आणि विचारले, “काकू, आधी तुम्ही जाता की आम्ही जाऊ?” मी म्हटले, “तुम्ही थांबा, मी जाते,” आणि गेले.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सहकारनगर, पुणे